बातमीत बाई कुठे असते?

(महागाव येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव ‘दूरचित्रवाणीवरील बातम्या : सत्य आणि पूर्वग्रह’ असं छापलं आहे. नाव भारदस्त आहे. आपल्यापुरता प्रश्न एवढाच की टीव्हीवर आपल्याविषयी जे सांगतात ते खरं असतं का, आणि खरं असलं तरी पुरतं असतं का. एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला प्रसारमाध्यमांवर एक अख्खा पेपर होता. त्यात उपग्रहापासून जाहिरातीपर्यंत सगळं होतं. पण कॅमेरा दारात येऊन उभा राहिला तर बाईनं काय करावं, हे मात्र कुठंच नव्हतं. ते या तालुक्यातल्या बायांकडून शिकले, म्हणून त्यांच्यासमोरच बोलते आहे.

सुरुवातही महागाव तालुक्यातूनच करते. चिलगव्हाण इथून लांब नाही. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी मालती आणि त्यांची चार मुलं यांचा वर्धा जिल्ह्यात पवनारजवळच्या दत्तपूर इथे मृत्यू झाला. कर्ज, थकलेलं वीजबिल, वाळलेलं पीक ही कारणं पुढे सगळ्यांना माहीत झाली. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून या घटनेकडे पाहिलं जातं. २०१७ पासून दर १९ मार्चला ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. त्या दिवशी मराठी वाहिन्यांवरही दोन-चार मिनिटं चिलगव्हाणचं नाव येतं. १९८६ साली खाजगी वाहिन्या नव्हत्याच. दूरदर्शन होतं, आणि गावात टीव्ही असलाच तर एखाद्याच्या घरी. म्हणजे ही गोष्ट टीव्हीवर नंतर आली, पण आली ती एका ठरलेल्या वाक्यासकट. ते वाक्य असं : ‘साहेबराव करपे यांनी सहकुटुंब आत्महत्या केली.’

आता हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. साहेबरावांविषयी आदर ठेवूनच बोलते, आणि ज्या धोरणांनी त्यांना तिथवर नेलं त्यांच्याविषयीचा आपला राग कमी करण्याचं काही कारण नाही. पण ‘सहकुटुंब’ या शब्दात कोण कोण आहे ते पाहा. चार लेकरं आहेत. लेकरू आत्महत्या करत नाही. त्याच्या मरणाचा निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असतो. आणि मालतीबाई आहेत. त्या शेतात राबत होत्या की नाही, कर्जाचे कागद त्यांनी कधी पाहिले होते की नाही, त्यांचं शेवटचं म्हणणं काय होतं, हे त्या वाक्यात मावत नाही. इतक्या वर्षांत कितीतरी मुलाखती, भाषणं, कार्यक्रम झाले. साहेबराव कसे होते हे आपल्याला कळलं. मालतीबाई कशा होत्या हे विचारायचं मात्र कोणाच्या ध्यानातच आलं नाही. मला बातमीतला पूर्वग्रह म्हणजे काय हे या एका शब्दावरून जितकं कळलं तितकं पुस्तकातून कळलं नाही.

आपल्याला वाटतं, पूर्वग्रह म्हणजे एखादी वाहिनी अमक्या पक्षाची बाजू घेते. तोही आहेच, आणि त्यावर पुष्कळ लोक पुष्कळ बोलतात. पण बाईला नडतो तो पूर्वग्रह बहुधा कोणत्याच पक्षाचा नसतो. तो सगळ्यांचा मिळून असतो. शब्द कोणता वापरायचा, प्रश्न कोणाला विचारायचा आणि कोणाला मोजायचं, या तीन ठिकाणी तो शिरतो. आणि तिथे शिरला की बातमीतली प्रत्येक ओळ खरी असूनही बातमी खोटी होते.

मोजण्याचंच घ्या. आत्महत्यांचे सरकारी आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी काढतो आणि वाहिन्या तेच वाचून दाखवतात. २०२१ सालच्या अहवालात ५,३१८ शेतकऱ्यांची नोंद आहे. त्यात बाया किती? २११. शेतमजुरांचा आकडा वेगळा आहे, त्यातही बाया ४४२ च. आता त्याच अहवालाचं दुसरं पान उघडा. त्या वर्षी देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केली आणि त्यातल्या २३,१७८ जणींच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलं आहे. निम्म्याहून जास्त. आता तुम्हीच सांगा, आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटी कोण निंदते, कापूस कोण वेचते, सोयाबीनच्या गंज्या कोण लावते? संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक करते म्हणून पोलीस पाटलाच्या तोंडून आणि ठाण्याच्या कागदावर ती गृहिणी होते. सातबारावर नाव नाही, म्हणून ती शेतकरी नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतखात्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायांच्या नावावर होती. त्या २३ हजारांत सगळ्याच शेतकरी होत्या असं मी म्हणणार नाही. शहरातल्या, नोकरदारांच्या घरच्याही असतील. पण त्यात किती होत्या हे कळायची सोयच ठेवलेली नाही, आणि ही गोष्ट टीव्हीवर कधी बातमी झालेली मी पाहिली नाही. ‘शेतकरी आत्महत्या’ म्हटलं की पडद्यावर धोतर-टोपीतला बाप्या येतो. ‘विवाहितेची आत्महत्या’ म्हटलं की खाली पट्टी येते : ‘घरगुती वादातून’.

एक उदाहरण सांगते. गावाचं नाव घेत नाही. एका बाईनं मक्त्यानं दोन एकर केलं होतं. बियाणं-खतासाठी तिनं स्वतःच्या सहीनं दोन कंपन्यांचं गटकर्ज उचललं होतं, आणि हप्त्याच्या दिवशी वसुलीवाला ओट्यावर येऊन बसे. ती गेली. तिसऱ्या दिवशी एका वाहिनीच्या पट्टीवर ‘कौटुंबिक कलह’ आला. घरात भांडण होत नव्हतं असं नाही. पण भांडण कशावरून होत होतं? हप्त्यावरून. नवऱ्यानं कर्ज काढलं तर ते कर्ज असतं, बाईनं काढलं की तो कलह होतो. तिच्या सासूनं मला विचारलं, “ताई, टीव्हीत आमच्या घरचं भांडण सांगतलं, मंग त्या हप्तेवाल्याचं काऊन नाही सांगतलं?” या प्रश्नाचं उत्तर देता येईल असा एकही संपादक मला अजून भेटलेला नाही.

आता प्रश्न कोणाला विचारतात ते पाहू. २००६ साल आठवा. त्या वर्षी मुंबईत लॅक्मे फॅशन वीक झाला. त्याला ५१२ अधिस्वीकृत पत्रकार हजर होते, आणि मॉडेल सुती कपडे घालून चालत होत्या. तो कापूस पिकवणारे लोक विमानानं तासाभराच्या अंतरावर विदर्भात जीव देत होते आणि त्यांच्यासाठी बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते. हा हिशेब पी. साईनाथ यांनी मांडला म्हणून आपल्याला माहीत. पुढे जुलैच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि मग कॅमेऱ्यांच्या गाड्या यवतमाळच्या गावागावांत फिरू लागल्या. तेव्हापासून एक चित्र ठरून गेलं. दार, दारात पांढऱ्या कपाळाची बाई, हातात नवऱ्याचा हार घातलेला फोटो, बाजूला लेकरू. हे चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. काही जणींनी, माफ करा, त्यात बसूनही पाहिलं आहे.

फोटो हातात धरायला बाईला कोण सांगतं? ती काही आपणहून फोटो घेऊन दारात बसत नाही. कळंबकडच्या एका बाईनं मला जसंच्या तसं सांगितलं : “तो म्हणे, काकू, फोटो थोडा वरते धरा, अन् घटनेचं सांगा. मी म्हणलं, घटनेचं काय सांगू, मले बँकेचं सांगाचं हाय. त्यानं बँकेचं आयकूनई घेतलं, पन दाखोलं नाही.” तिनं त्याला बरंच सांगितलं होतं. मदतीचा एक लाख मंजूर झाला तेव्हा त्यातले तीस हजार हातात आले आणि सत्तर हजार पोस्टात अडकले. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर आहे, म्हणून तिला पीककर्ज मिळत नाही. दिराचं म्हणणं वेगळंच आहे. अर्ध्या तासाच्या चित्रीकरणातून पडद्यावर आली ती तिची चाळीस-पन्नास सेकंदं, आणि त्यात ती रडत होती. रडणं खरंच होतं. पण त्या दिवशी तिला रडायचं नव्हतं, सांगायचं होतं. आणि ज्याच्यावर काही उपाय करता आला असता तेवढंच नेमकं कापलं गेलं.

इथे बातमीदाराला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. मी ते करणार नाही. तालुक्याला वाहिनीचा पगारी माणूस नसतो. जो असतो त्याला बहुतेक वेळा बातमीमागे थोडेसे पैसे मिळतात, तेही बातमी लागली तर. पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा. मुंबईहून किंवा दिल्लीजवळच्या नोएडाहून फोन येतो, ‘बाइट पाठव, इमोशनल पाहिजे.’ तो पाठवतो. सातबारावर विधवेचं नाव लावायला किती खेटे घालावे लागतात, ही बातमी त्यानं पाठवली तरी लागणार नाही हे त्याला ठाऊक असतं. कारण वाहिनीचं उत्पन्न जाहिरातीवर, आणि जाहिरात टीआरपीवर. २०२० च्या सुमारास ही मोजणी देशभरातल्या साधारण ४४ हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवरून होत असे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी ते यंत्र बसवलेलं आहे का? हात वर करा. नाही ना. म्हणजे आपण टीव्ही पाहतो, पण आपलं पाहणं कोणी मोजत नाही.

कॅमेरे आपल्याकडे येतच नाहीत असंही नाही. फुलसावंगीच्या एका हुन्नरी तरुणानं स्वतः हेलिकॉप्टर बांधलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या चाचणीतच त्याचा जीव गेला, तेव्हा महागाव तालुका देशभराच्या पडद्यावर होता. त्याच्या आदल्या काळातली पांढरकवडा-राळेगाव भागातली वाघीण आठवा. वन खात्याच्या नोंदीत ती टी-१ होती. टीव्हीवर ती ‘अवनी’ झाली. तेरा माणसं मारल्याचा ठपका तिच्यावर होता, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या भागात तिला गोळी घालण्यात आली. त्यानंतर कित्येक दिवस वाहिन्यांवर तिची आणि तिच्या दोन बछड्यांची चर्चा होती. ती चर्चा व्हायलाच हवी होती. तिला ज्या पद्धतीनं मारलं त्यावर गंभीर आक्षेप होते. पण वाघिणीला नाव मिळालं आणि मेलेल्या माणसांना आकडा. त्या तेरांतली पहिली एक वयस्क बाई होती, बोराटीचीच. तिचं नाव मी इथे घेत नाही, कारण घरच्यांना विचारल्याशिवाय नाव घ्यायचं नाही हा आपल्या कामाचा नियम आहे. पण मुंबईच्या स्टुडिओत बसून रोज वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांना ते माहीत होतं, हा प्रश्न विचारायला हवा. सरपणाला, शेळ्यांमागे, शेतात एकटीनं जावं लागतं, दुसरी सोय नाही, ही बाजू मांडायला त्या वादांत आपली बाई मला तरी दिसली नाही.

आता शब्दाचं. यात विदर्भातलंच सर्वांत कडू उदाहरण खैरलांजीचं आहे. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे असे चौघे जमावानं मारले. जमिनीचा वाद होता, जातीचा माज होता, आणि आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात आईनं साक्ष दिली होती. पण सुरुवातीच्या बातम्यांत काय आलं? ‘अनैतिक संबंध’. दोन शब्द. त्या दोन शब्दांनी जातीचा अत्याचार गावातली भानगड होऊन गेला, आणि मारली गेलेली बाईच आरोपी झाली. मोठ्या वाहिन्या तिथे पोचायला कित्येक आठवडे लागले, तेही दलित बांधव-भगिनी रस्त्यावर उतरल्यावर. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयात आठ जण दोषी ठरले, पण अट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. २००६ च्या त्याच पावसाळ्यात कॅमेऱ्यांच्या गाड्या विदर्भभर फिरत होत्या, हे विसरू नका. गाड्या नव्हत्या म्हणून बातमी चुकली असं म्हणायला जागा नाही.

आणि वाहिन्या जेव्हा एखाद्या बाईवर सगळी ताकद लावतात तेव्हा काय होतं, ते आपण २०२० मध्ये पाहिलं. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूनंतर त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिचा खटला न्यायालयाआधी टीव्हीवर चालला. काळी जादू, विषकन्या, काय काय नाही ऐकलं. त्याच्या नावाचे खोटे ट्विट दाखवल्याबद्दल एका मोठ्या हिंदी वाहिनीला वृत्तवाहिन्यांच्या स्वतःच्याच नियामक मंडळानं एक लाख दंड केला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की असे माध्यम-खटले न्यायाच्या कामात अडथळा आणतात. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. तो किती वेळ दाखवला? ज्या २०२० सालाचे ते महिने होते, त्या एका वर्षात देशात शेतकरी आणि शेतमजूर मिळून १०,६७७ जणांनी जीव दिला. त्यातले ४,००६ महाराष्ट्रातले. ही नोंद अहवालात आहे, टाळेबंदीत घरी बसून टीव्ही पाहणाऱ्या लोकांच्या आठवणीत नाही.

कोणी म्हणेल, मग टीव्ही बंदच करा. ते होणार नाही, आणि आता तेच तुकडे कापून मोबाइलवर येतात, तेव्हा बंद करून उपयोगही नाही. शिवाय माईक बाईच्या हातात आला की काय होतं तेही आपल्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन होतं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्‌घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. ते चूकच झालं. त्यानंतर शेतकऱ्याची विधवा असलेल्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं. आपला वापर होतो आहे का, असा प्रश्न तेव्हा अनेकींच्या मनात आला, माझ्याही आला. पण त्या दिवशी शेतकऱ्याच्या विधवेला पहिल्यांदा कोणी मध्येच कापलं नाही. ती फोटो धरून बसली नव्हती, उभी राहून बोलत होती, आणि कॅमेऱ्यांना ते सगळं दाखवावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कॅमेरा आला तर त्याच्याशी बोलायचं ते आपल्या अटीवर. एकटीनं बोलायचं नाही, गटातली एक जण सोबत हवी. आधी विचारायचं : कोणती वाहिनी, नाव काय, कशासाठी. फोटो हातात धरायचा नाही, ज्या वस्तूनं जीव गेला ती दाखवायची नाही, लेकराला पुढे करायचं नाही. जे मुख्य सांगायचं ते पहिल्याच वाक्यात सांगायचं, कारण नंतरचं कापलं जातं. आणि बोलायचं नसेल तर नाही म्हणायचं. त्याला कोणताही कायदा अडवत नाही. अत्याचाराची घटना असेल तर पीडितेचं नाव, गाव, घर, आईबापाचा चेहरा, काहीही दाखवता येत नाही. २०१८ च्या निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं, आणि नव्या न्याय संहितेच्या ७२ व्या कलमातही तो गुन्हा आहे. हे बातमीदाराला दारातच सांगायचं.

तक्रारीचीही सोय आहे. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमावलीतला सहावा नियम वाचा. त्यात स्त्रियांची मानहानी करायला मनाई आहेच, पण अर्धसत्य दाखवायलाही मनाई आहे. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण आपली तक्रार बहुतेक वेळा अर्ध्या सत्याचीच असते. २०२१ पासून पद्धत अशी आहे की आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करायची, त्यांनी पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा, नाही दिला किंवा पटला नाही तर वाहिन्यांच्या नियामक मंडळाकडे आणि शेवटी केंद्र सरकारकडे जायचं. बातमी दिसली की दिवस मोजत बसू नका, आठवड्याच्या आत पत्र गेलं पाहिजे. एक लाखाच्या दंडानं मोठ्या वाहिनीचं काय बिघडणार, असं सर्वोच्च न्यायालयानंच २०२३ मध्ये विचारलं होतं. तेव्हा फार आशा दाखवत नाही. पण तक्रारच नसली तर कागदावर सगळं ठीक चाललं आहे असाच अर्थ निघतो.

आणखी एक गोष्ट, ती थोडी आपल्याला टोचणारी. वाहिनीनं आपल्या बाजूचा आकडा फुगवून सांगितला, आपल्या विरोधकाविषयी न तपासलेलं काही दाखवलं, तर आपण तक्रार करू का? की टाळ्या वाजवू? कोणतंही पत्रक काढताना आकडा कुठून आला हे विचारायची सवय संघटनेला असायला हवी. नाहीतर उद्या वाहिनीवाला आपल्यालाच विचारेल, आणि त्याचं बरोबर असेल.

आता कामाचं. तक्रारीच्या अर्जाचा मराठी नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे, त्याच्या चाळीस झेरॉक्स आहेत, प्रत्येक गावानं एक घ्यावी. सोबत एक वही आहे. येत्या तीन महिन्यांत आपल्या गावाविषयी टीव्हीवर किंवा मोबाइलवर जी बातमी येईल तिची तारीख, वाहिनी, वापरलेले शब्द आणि कोणाला बोलू दिलं, एवढं त्यात लिहायचं. गावात एखादी बाई गेली तर पोलिसांच्या कागदावर तिचा धंदा काय लिहिला तेही विचारून लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगणवाडीच्या ताईंकडून लिहून घ्यावं. फुलसावंगीची वही कोण घेणार ते अजून ठरलेलं नाही. जेवणाआधी ते ठरवून टाकू.